बारशाआधीचा गुरुवार

विजयनगर, म्हैसूर
१० जानेवारी

गुंजन,

वर ‘चि. सौ.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहून झालं होतं. मग वाटलं, माझा आशीर्वाद बघून तू कागद तसाच चुलीत घालशील. म्हणून नवा कागद घेतला. तुझ्या माहेरी गॅस आहे, चूल नाही, ते मला ठाऊक आहे. बोलायची एक पद्धत असते.

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. श्रीहर्षजवळ निरोप द्यावा तर तो म्हणतो, अक्का, तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घालू नका. आई गेली तेव्हा आठ वर्षांचा होता हा. तेव्हापासून ह्याचं न्हाणंधुणं, शाळा, कॉलेज सगळं मी केलं, लग्नाचं वय निघून गेलं तरी कुरकुर केली नाही, आणि आता हा मला ‘मध्ये घालू नका’ म्हणतो. जाऊ दे. त्याचंही बरोबर आहे. पंधरा दिवसांनी एकदा सांगलीला येऊन तुझं तोंड बघायचं आणि उरलेले दिवस इथं माझं बघायचं, सोपं नाही ते.

म्हणून पोस्टानं लिहिते. तीस वर्षं शाळेत कन्नड शिकवलं मी. मराठी घरात ऐकून आलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पूर्वी माझ्या बोलण्याला हसायचीस तशी हस. हसलीस तर बरंच वाटेल मला.

तू जाताना रिक्षात बसायच्या आधी वळलीस आणि म्हणालीस, “तुमच्या तोंडून माझ्या मुलीचं नाव मला पुन्हा ऐकायचं नाही.” तेव्हापासून मी ते घेतलेलं नाही, घरात एकटी असतानाही नाही. ह्या पत्रातसुद्धा ‘बाळ’च म्हणणार आहे. एवढं एक तरी तुझं ऐकलं म्हणून धर.

श्रीहर्षकडून कळलं, की मिरजेच्या डॉक्टरांना डावा डोळा बघून काळजी वाटतेय. सप्टेंबरात डोळ्यात इंजेक्शन दिल्यावर ज्या रक्तवाहिन्या सुकल्या होत्या, त्या परत वाढू लागल्यात म्हणे. उजवा तर गेलाच. बेंगळूरला ऑपरेशन करूनही पडदा बसला नाही, त्याला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. आणि आता डावाही? हे ऐकून मी काल दूध उतू घालवलं, आणि भांडं घासत बसले.

आता माझी बाजू. बाजू कसली, म्हणशील. तरी ऐक. आमच्या घरात बारशाआधी मूल उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. तू तेव्हाच म्हणाली होतीस, की जे मूल जन्मल्यापासून अडीच महिने दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं, त्याला कसला आलाय उंबरा! पण घरी आलं ना ते एकदा? घरी आलं की घराचे नियम लागतात, असं मला वाटलं. पक्ष लागायच्या आत बारसं उरकायचं होतं. शुक्रवारचा दिवस चांगला निघाला. आणि बाळांचे डोळे तपासणाऱ्यांची गाडी बेंगळूरहून यायची ती गुरुवारी.

बुधवारी सिस्टर सुप्रीताचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. दवाखान्यात माझाच नंबर लिहिलेला होता. तुला कन्नड येत नाही, श्रीहर्ष दिवसभर कंपनीत, म्हणून सगळं बोलणं माझ्यातर्फे चालायचं. ती म्हणाली, उद्या बाळाला नक्की आणा, हा आठवडा चुकवायचा नाही. मी तिला कन्नडात सांगितलं, की आई बाळाला घेऊन सांगलीला गेलीय, पुढच्या गुरुवारी आणतो. मग स्वयंपाकघरात येऊन तुला मराठीत सांगितलं, की गणपतीमुळे ह्या गुरुवारी गाडी येणार नाही. एका फोनात दोन खोटी, दोन भाषांत. तू ‘बरं अक्का’ म्हणालीस आणि बाळाला दूध पाजायला बसलीस.

बेंगळूरचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, की त्या एका आठवड्यानं फरक पडला असता की नाही, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. तू तेव्हा बाळाजवळ आत होतीस, मी ऐकलं. म्हणजे फरक पडला नसताही. एवढंच तुला कळवायचं होतं.

डाव्या डोळ्याचं काय ठरतं ते श्रीहर्षला सांग. मला नको. मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखीन.

तुळसीअक्का


२ फेब्रुवारी

गुंजन,

कुंची परत आली. पार्सल फोडलेलंसुद्धा नाही. सांगलीची माणसं हट्टी हे ऐकून होते, पण लोकरीच्या कुंचीवर कसला राग? तिनं काय केलंय तुझं? आत्याची कुंची म्हणून सुम्ने पाठवली होती, उगीच. बाकी काही मनात नव्हतं. खोटं. होतं. तू ती बाळाला घालशील, कुणीतरी फोटो काढील आणि श्रीहर्ष तो मला दाखवील, इथपर्यंत सगळं ठरवून झालं होतं माझं.

आणखी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात बेंगळूरच्या डॉक्टरांचं मी अर्धंच वाक्य लिहिलं. पुढचं अर्धं असं होतं, “पण तो आठवडा माझ्या हातात असता तर मी सोडला नसता.” हे लिहायचं राहून गेलं असं नाही. लिहायचं नव्हतं.

श्रीहर्ष परवा सांगलीहून आला आणि बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसला, तेव्हाच कळलं. डाव्या डोळ्याला लेसर करायचं ठरलं. मी विचारलं, इंजेक्शन चांगलं लागू पडलं होतं ना? तर म्हणाला, हे नवीन औषध डोळा वाचवतं, पण काही बाळांत महिन्यांनी तो आजार परत डोकं काढतो, म्हणून तर वारंवार तपासत राहावं लागतं. लेसरसाठी पुरती भूल द्यावी लागणार. आणि बाळाची फुप्फुसं तशी. बेंगळूरच्या ऑपरेशननंतर नोव्हेंबरपर्यंत नाकाला ऑक्सिजनची नळी होती तिच्या. डोळ्यासाठी भूल द्यावी तर श्वासाची भीती, न द्यावी तर डोळ्याची. अय्यो, त्या एवढ्याशा जिवाला कुठल्या कुठल्या बाजूनं ओढतात!

मला ते जूनचे दिवस आठवतात. पंचविसाव्या आठवड्यातच आली ती. तांदळाच्या एक किलोच्या पिशवीपेक्षा हलकी. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसायच्या. फुप्फुसं चिकटू नयेत म्हणून जन्मल्या जन्मल्या बारीक नळीनं औषध सोडलं. श्वास घ्यायला विसरू नये म्हणून रोज कॅफीन द्यायचे, कॉफीत असतं तेच. मी म्हणाले, आमच्या म्हैसूरचंच लेकरू हे, दुधाआधी कॉफी लागते. तू हसलीस. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसलीस तू, टाके दुखले म्हणून लगेच थांबलीस.

मग तुझे टाके चिघळले, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला घरचं कुणी बाई माणूस आहे का? आईच पाहिजे असं नाही, ऊब पाहिजे आणि ओळखीचे ठोके. मी बसले. माझ्या छातीवर ह्याआधी कधी मूल निजलेलं नव्हतं, गुंजन. श्रीहर्ष माझ्या हाती आला तो चांगला धावणारा, झाडावर चढणारा. हे बेडकाएवढं लेकरू माझ्या गळ्याखाली पाय आखडून पडायचं आणि समोरच्या यंत्रावरचे आकडे हळूहळू शहाण्यासारखे वागायला लागायचे. सुप्रीता म्हणायची, अम्मा, तुमच्याजवळ हिचा ऑक्सिजन चांगला राहतो. ते ऐकून मी किती फुगले होते, तुला कल्पना नाही.

म्हणून डोळ्यांच्या तपासणीचं सांगते. तुला ते बघवायचं नाही, म्हणून दर वेळी मीच धरायचे तिला. आधी थेंब घालायचे, ते झोंबायचे. मग पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तारेचा चिमटा लावायचा आणि कॅमेरा जवळजवळ डोळ्याला टेकवायचा. ती रडायची, पण आवाज यायचा नाही, एवढी शक्तीच नव्हती. दोनदा श्वास थांबला तिचा. काळीनिळी पडली. सुप्रीतानं तळपायावर टिचकी मारली, तेव्हा परत घेतला. मी दुपट्यात तिचे हात दाबून धरलेले. माझ्या हातांनीच धरलेले.

बारशाच्या आदल्या दिवशी ते नको वाटलं मला. एक गुरुवार तरी तिला सुखानं राहू दे, असं वाटलं. हे खरं आहे.

पण मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सुप्रीतानं मला बसवून समजावलं होतं. वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुऱ्या पसरलेल्या नसतात, मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडद्याला ओढून सोडवतात. वेळेवर सापडलं तर थांबवता येतं, आणि ती वेळ दिवसांची असते, महिन्यांची नाही. तिनं मला कन्नडात सांगितलं, आणि मी तुला मराठीत. तू म्हणालीस, अक्का, तुम्ही लक्षात ठेवा, माझं डोकं चालत नाही आता. मी म्हणाले, ठेवते.

कुंची कपाटात ठेवलीय. पुढच्या थंडीपर्यंत तिला लहान होईल.

तुळसीअक्का


१९ फेब्रुवारी

गुंजन,

आज लेसर. श्रीहर्ष काल रात्रीच्या गाडीनं निघाला. आत्ता तुम्ही सगळे मिरजेला थिएटरच्या बाहेर बसला असाल. मी इथं जेवणाच्या टेबलाशी बसलेय आणि मोबाइल समोर पालथा घालून ठेवलाय. देवापुढे दिवा लावला, पण मागितलं काही नाही. कुठल्या तोंडानं मागू?

मग विचार केला, आज निदान खरं तरी लिहावं. उंबरा हे एक कारण सांगितलं, तिचं रडणं हे दुसरं. दोन्ही खोटी नाहीत. पण त्या दोन्हींना मी पुढे केलं आणि तिसरं त्यांच्या मागे लपवलं.

थेंब आणि चिमट्यानंतर तिचे डोळे दोन दिवस सुजलेले, लाल असायचे. आठवतं ना? उघडायची नाहीच. आणि गणपतीच्या दिवशी लष्कर मोहल्ल्याच्या कमलिनी काकू आल्या होत्या. बाळाला लांबूनच बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सातव्याच्याही आधीचं मूल ग हे, दिसतं तरी का त्याला? काकूंचं तोंड तुला माहीत आहे. चार घरी तेच बोलल्या असणार. मला इतका संताप आला, की वाटलं, शुक्रवारी ह्या सगळ्यांना बोलावते आणि दाखवते. कसं टकमक बघतं आमचं बाळ!

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कार्यात पोळ्या लाटल्या. मुंजीत, लग्नात, डोहाळजेवणात, कुठंही माझा मान म्हणून नसतो, बिनलग्नाच्या बाईला कोण पाटावर बसवतं? बारसं हे एकच असं, ज्यात आत्याशिवाय चालत नाही. त्या दिवशी मी मांडीवर बाळ घेऊन मध्यभागी बसणार होते. आणि ते बाळ सुजलेल्या डोळ्यांनी कुरकुरत पडलेलं मला नको होतं. त्याचे डोळे स्वच्छ, उघडे पाहिजे होते. काकूंनी बघायला.

मिरवायचं होतं मला, गुंजन. बस, एवढंच कारण. त्या डोळ्यांना दिसतं हे लोकांना दाखवायला मी ते डोळे घालवले.

फोन वाजला. थांब.

श्रीहर्ष होता. झालं म्हणाला. लेसर झालं, श्वासाची नळीही काढली, स्वतःचा श्वास घेतेय. डोळ्याचं काही आठवड्यांनी कळेल. तू जवळच असशील, कारण तो फार कमी बोलला. मी ‘बरं’ म्हणून ठेवला आणि मग इथंच टेबलावर डोकं टेकून रडले.

आता भात लावते. सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

तुळसीअक्का


२२ मार्च

गुंजन,

उगादी झाली. कडुनिंब-गूळ एकटीनंच खाल्ला. श्रीहर्ष सांगलीला होता, तुमचा पाडवा तिथं. शेजारच्या बाईंनी पोळ्या आणून दिल्या, दोन खाल्ल्या आणि उरलेल्या मोलकरणीला दिल्या. माझं हे चाललंय. तुला सांगण्यासारखं एक झालं म्हणून लिहायला बसले.

सुप्रीताचा फोन आला. तिचा नंबर बघून आधी उचलूच नये असं वाटलं. सप्टेंबरात तिनंच तुला मोडक्या हिंदीत सांगितलं ना, की आम्ही फोन केला होता, तुमच्या नणंदबाई म्हणाल्या तुम्ही गावी गेलाय. त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. ती म्हणाली, अम्मा, एक काम आहे, नाही म्हणालात तरी राग नाही. हिनकलमध्ये एक बाळ आहे, तुमच्या बाळासारखंच फार लवकर जन्मलेलं. घरी सोडल्यावर दोन तपासण्या चुकवल्या. आजी म्हणते, नाव ठेवायच्या आधी मूल बाहेर काढत नाही. आमचं ऐकत नाहीत. तुम्ही येता का?

मी म्हणाले, मी कशाला? विचारता विचारताच मला कळलं कशाला ते.

हुणसूर रोडनं रिक्षानं गेले. आजी माझ्याच वयाची, कन्नड बोलणारी, घर झाडून लख्ख, दारात रांगोळी. मला कॉफी दिली. मी शाळेच्या बाई होते हे कळल्यावर ‘मेडम, मेडम’ करायला लागली. मी आजाराचं सगळं सांगितलं, वर्गात शिकवतात तसं. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, बरं मेडम, सोमवारी नाव ठेवू, मंगळवारी नेऊ, चार दिवसांत काय होतंय? अगदी माझ्याच तोंडचं वाक्य. फक्त मी आठवडा म्हणाले होते.

मग मला सांगावंच लागलं. कप खाली ठेवला आणि सांगितलं, की मीसुद्धा हेच केलं. आमचं बाळ. माझ्या भावाची मुलगी. एक डोळा गेला, दुसऱ्याचं काही सांगता येत नाही. सून आतल्या दारात बाळाला घेऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. आजीनं हळूच विचारलं, “काय नाव ठेवलंत मुलीचं?”

मी म्हणाले, “ते घ्यायची मला परवानगी नाही.”

ती उठली, चपला घातल्या आणि सुनेला म्हणाली, चल. नाव न ठेवताच. मी त्यांना त्याच रिक्षात बसवून दिलं आणि बस पकडून घरी आले. त्या बाळाला सुई दिली, लवकर सापडलं, असं सुप्रीता मागाहून म्हणाली. मी जास्त विचारलं नाही.

हे तुला मोठेपणासाठी लिहिलं असं समजू नकोस. त्या बाळाचा डोळा वाचला म्हणून आपल्या बाळाचा परत येत नाही, एवढं गणित मला येतं. आतापर्यंत हे मी फक्त तुला लिहिलं होतं, आणि तू तर सगळं जाणतेसच. त्या दिवशी पहिल्यांदा परक्या घरात तोंडानं बोलले. रिक्षात बसताना त्या आजीनं माझा हात धरला आणि मी सोडवून घेतला. तेवढी माया मला सहन होईना.

‘आपल्या बाळाचा’ असं वर लिहून गेले. खोडत नाही. खोडलं तर कागद घाण दिसतो.

तुळसीअक्का


८ एप्रिल

गुंजन,

काल जेवताना श्रीहर्षनं मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. आधी फोटो होता. बाळाला चष्मा लागलाय! डोक्यामागून इलास्टिकनं बांधलेला, नाकापेक्षा मोठा. लेसरनं डावा डोळा स्थिर झाला, पडदा जागेवर आहे, नंबर मोठा आहे पण दिसतंय, असं मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणे. लाल खुळखुळा हलवला की मान वळवते. मी फोटो मोठा करून बघितला, मग आणखी मोठा केला, शेवटी नुसता चष्माच दिसायला लागला. श्रीहर्ष म्हणाला, अक्का, आमटी गार होतेय.

फोटोखाली तुझा निरोप होता. त्याला लिहिलेला, पण माझ्यासाठी. ‘अक्कांना विचार, बारशाच्या दिवशी कानात एवढा वेळ काय सांगत होत्या.’

सहा महिन्यांनी तुझे शब्द. आणि नेमका हाच प्रश्न.

तू बारशाचा व्हिडिओ बघितलास ना? मीही बघितला काल. तोपर्यंत उघडायची हिंमत झाली नव्हती. मी मध्यभागी बसलेय, हिरवं लुगडं, डोक्यात मल्लिगेचा एवढा मोठा गजरा, काय थाट म्हातारीचा! बाळ मांडीवर. मी वाकून तिच्या उजव्या कानाशी तोंड नेते आणि मागून बायका ‘कुर्र’ करत पाठीत धपाधप गुद्दे घालतात. कमलिनी काकूंचा गुद्दा सगळ्यात जोरात. तू हसतेयस. मी वर येत नाही. काकू म्हणतात, अग झोपलीस की काय तिथं? मग मी वर येते आणि सगळ्यांना नाव सांगते, आणि बायका टाळ्या वाजवतात. आत काय बोलले ते ऐकू येत नाही.

तू काय ऐकायला विचारतेयस ते मला ठाऊक नाही. मी काहीतरी गोड सांगितलं असेल असं वाटत असेल तर सोडून दे. खोटं लिहिता आलं असतं. कुलदेवतेचं नाव सांगितलं, महिन्याचं सांगितलं, तू ठरवलेलं सांगितलं, असं लिहिलं असतं तर तू मानलंही असतंस. रीतीप्रमाणे तेच सांगायचं असतं. पण तुझ्याशी खोटं बोलून झालंय माझं.

मी तिच्या कानात म्हणाले, “काल तुझ्या डोळ्यांना कुणाला हात लावू दिला नाही बघ मी. आत्यानं राखलं तुला.”

हेच. हेच परत परत म्हणत होते. ती हलायची थांबली आणि तिनं उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, व्हिडिओत दिसतं, पुन्हा लावून बघ. मला तेव्हा वाटलं, ओळखलं तिनं मला. छातीवरच्या ठोक्यांवरून ओळखलं. इतका आनंद झाला, की नाव सांगायचं राहूनच गेलं. त्या डोळ्यानं जवळून बघितलेलं शेवटचं तोंड बहुतेक माझंच आहे, गुंजन. मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. क्षमा करण्याजोगं असतं तर पहिल्याच पत्रात मागितली असती.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी, म्हणून हे लिहिलं. मी वर येऊन जे मोठ्यानं पुकारलं, ते लोकांसाठी, काकूंसाठी. तिच्या कानात मी ते सांगितलेलंच नाही. म्हणजे बारसं अजून व्हायचंय. आमच्याकडे हे आत्यानं करायचं असतं, आईनं नाही. पण ह्या आत्यानं काय केलं ते आता तू जाणतेस. तेव्हा तूच कर. पाळणा नको, मुहूर्त नको, कुणाला बोलावू नकोस. सकाळी ऊन आलं की तिला उंबऱ्याबाहेर घेऊन जा, चष्मा घाल आणि कानात सांग.

रीत उजव्या कानात सांगायची आहे. तू रीत सोड. डाव्या बाजूनं जा, म्हणजे कोण सांगतंय ते तिला दिसेल.

तुळसीअक्का